तलवारबाजी: जागतिक क्रमवारीवरून पदकांचे अंदाज का फसतात? शीट कशी बांधावी?

पामबीच_पालक (सीवूड्स)

नमस्कार मंडळी. जुलैत हाँगकाँगला जागतिक अजिंक्यपद आहे, सप्टेंबरात आयची-नागोयाला एशियाड. क्लबातली मुलं आणि पालक मिळून पदकांचे अंदाज लावायचा खेळ ठेवायचा आहे. सध्याची पद्धत म्हणजे एफआयईची (आंतरराष्ट्रीय तलवारबाजी महासंघाची) क्रमवारी उघडायची, पहिली चार नावं उचलायची आणि कागदावर लिहायची. निकाल लागला की चारातलं एखादं नाव लागतं, कधी तेही नाही.

क्रमवारी इतकी का चुकते? फॉइल, इपी, सेबर या तिन्ही शस्त्रांना एकच गणित चालेल का? आणि गूगल शीटमध्ये बसेल असं काही आहे का? प्रोग्रॅमिंग येणारं कोणी नाही. बारावीपर्यंतची संभाव्यता मात्र येते.

कोलशेतकर_आकडे (ठाणे)

क्रमवारी चुकत नाही हो, तिला भलताच प्रश्न विचारला जातोय. वर्षभरात कोणी काय कमावलं याचा तो हिशेब आहे. विश्वचषक स्पर्धेत पहिल्याला ३२ गुण, दुसऱ्याला २६, उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांना प्रत्येकी २०, ५ ते ८ क्रमांकांना १४, ९ ते १६ ला ८, १७ ते ३२ ला ४, ३३ ते ६४ ला २. ग्रां प्री असेल तर हेच दीडपट, जागतिक अजिंक्यपदाला अडीचपट. आता बघा, जागतिक स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत कोणी १४-१५ ने हरला तर त्याच्या खात्यात ३५ गुण. तोच एक टच (शस्त्राचा स्पर्श, म्हणजे एक गुण) त्याच्या बाजूने पडला असता तर किमान ५०, आणि पुढे सुवर्ण मिळालं असतं तर ८०. खेळाची पातळी तीच, क्रमवारीतली जागा मात्र कुठल्या कुठे. शिवाय हे गुण पुढच्या वर्षी तीच स्पर्धा होईपर्यंत खात्यात राहतात. मधल्या काळात गुडघ्याचं ऑपरेशन झालं तरी क्रमवारीला त्याचा पत्ता नसतो.

दुसरं कारण बाद पद्धतीचं, आणि तेच मोठं आहे. समजा एखादी खेळाडू इतकी भारी आहे की समोर कोणीही असो, दर १०० टचांपैकी ५५ तिचे. १५ टचांची बाउट (एक लढत) ती साधारण ७१ टक्के वेळा जिंकेल. ६४ च्या तक्त्यात उपांत्य फेरी गाठायला सलग चार बाउट जिंकाव्या लागतात. ०.७१ चा चौथा घात काढा, जेमतेम २५ टक्के येतात. सुवर्णाला सहा जिंकाव्या लागतात, म्हणजे १३ टक्क्यांच्या आसपास. प्रत्येक बाउटमध्ये जिचं पारडं जड, तिचीसुद्धा पदकाची शक्यता चारात एक. म्हणून पहिली चार नावं लिहून चारही लागावीत ही अपेक्षाच सोडा. नावाऐवजी टक्के लिहायला शिकवा, निम्मं काम तिथेच होतं.

आता शीट. प्रत्येक खेळाडूला एलो गुण (बुद्धिबळात असतात तसे ताकद दाखवणारे आकडे) द्या, सुरुवात १५०० पासून. अ जिंकण्याची शक्यता = १ भागिले (१ + १० चा घात), आणि तो घात म्हणजे (ब चे गुण वजा अ चे गुण) भागिले ४००. १०० गुणांचा फरक म्हणजे ६४ टक्के, २०० चा ७६, ४०० चा ९१. बाउट झाली की निकाल (१ किंवा ०) वजा शक्यता, गुणिले २४, आणि हे उत्तर अ च्या गुणांत मिळवा, ब च्या गुणांतून वजा करा. एफआयईच्या साइटवर पूल (सुरुवातीची गटफेरी) आणि बाद फेऱ्यांचे स्कोअर मिळतात. तीन हंगामांचे भरले की पुरे. प्रत्येक शस्त्राची आणि स्त्री-पुरुषांची शीट वेगळी, म्हणजे एकूण सहा.

इथे बहुतेकांची एक चूक होते. पूलची बाउट ५ टचांची, बाद फेरीची १५ ची, सांघिक सामना ४५ चा. वरचीच ५५ टक्केवाली खेळाडू ५ टचांत ६२ टक्के वेळा जिंकेल, १५ मध्ये ७१, आणि तिन्ही जणी तशाच असलेला संघ ४५ मध्ये ८३. एलोच्या भाषेत ६२ टक्के म्हणजे ८५ गुणांचा फरक, ७१ टक्के म्हणजे १५५, ८३ टक्के म्हणजे २७५. तीच माणसं, फरक तीन वेगवेगळे. पूल आणि बाद फेरी एकाच सूत्रात कोंबलीत तर पूलमधल्या हरण्याला नको तितकं वजन मिळतं आणि चांगले खेळाडू खाली घसरतात. उपाय सोपा आहे. सूत्रात घालण्याआधी गुणांचा फरक पूलसाठी ०.५५ ने गुणा, सांघिकसाठी १.७५ ने. पूलच्या बाउटला २४ ऐवजी १० धरा.

पिस्ट_चौदामीटर (ऐरोली)

गणित ठीक आहे, पण तिन्ही शस्त्रांना एकच माप लावाल तर फसाल.

फॉइल आणि सेबरमध्ये राइट ऑफ वे आहे. दोन्ही दिवे लागले तर हल्ला कोणाचा होता ते रेफरी ठरवतो आणि टच एकालाच मिळतो. म्हणून तंत्र सरस असलेला माणूस ते सरसपण प्रत्येक टचला वसूल करू शकतो. टोक्यो आणि पॅरिस दोन्ही ऑलिंपिकमध्ये फॉइलची वैयक्तिक सुवर्णं त्याच दोघांना मिळाली, पुरुषांत हाँगकाँगचा च्युंग का लाँग आणि महिलांत अमेरिकेची ली कीफर. अर्थात पॅरिसमध्ये च्युंगचा अंतिम सामना १५-१४ असा सुटला होता, तेव्हा त्यालाही नशिबाची साथ लागलीच.

इपीत तसं नाही. अंगावर कुठेही टोक लागलं की टच, आणि दोघांची टोकं ४० ते ५० मिलिसेकंदांच्या आत टेकली तर दोघांनाही टच. कमी ताकदीचा खेळाडू मागे राहून, मनगटाला टोक लावत, दुहेरी टच घेत सामना खेचत नेऊ शकतो. तीन मिनिटांचे तीन भाग संपेपर्यंत १५ झालेच नाहीत तर स्कोअर ९-८ वर सुद्धा संपतो. बाउट जितकी कमी टचांची, तितकी उलटफेराला जागा, हे कोलशेतकरांनी वर दाखवलंच आहे. टोक्योत पुरुष इपीचं सुवर्ण रोमॅं कॅनोनने नेलं. तेव्हा तो क्रमवारीत चाळिशीच्याही पलीकडे होता. रिओत पार्क सांग-यंग १०-१४ ने मागे होता, गेझा इम्रेला एक टच पुरला असता, पार्कने सलग पाच घेतले.

सेबर या दोघांच्या मध्ये येतं, पण ते वेगळ्या कारणाने हुलकावणी देतं. लढत इतक्या झटपट संपते की लय गेली की सावरायला वेळच मिळत नाही. आठ टचांवर एक मिनिटाची विश्रांती मिळते, तेवढाच काय तो श्वास. आरोन सिलाजीने २०१२, २०१६ आणि टोक्यो अशी ओळीने तीन सुवर्णं घेतली आणि पॅरिसमध्ये पहिल्याच बाउटला तो बाहेर गेला. मिसाकी एमुरा २०२२ आणि २०२३ ची जगज्जेती, पॅरिसमध्ये शेवटच्या १६ त कोरियाच्या चोई सेबिनने तिला १५-७ ने हरवलं. आपल्या भवानी देवीने २०२३ च्या आशियाई अजिंक्यपदात याच एमुराला १५-१० ने घालवून कांस्य मिळवलं होतं. तिथे भवानीला २० टक्के देणारा माणूस वेडा ठरला नसता, शून्य देणारा मात्र नक्की चुकला असता.

शीटमध्ये करायचं ते एवढंच, इपीचा फरक जरा आवळा. फॉइल-सेबरला एलोतला फरक जसाच्या तसा ठेवा, इपीला ०.८ च्या आसपास गुणा. नेमका आकडा मागच्या दोन हंगामांवर ताडून ठरवा. शीटने ज्यांना ७० टक्के दिले त्यांतले खरोखर ७० टक्के जिंकले का, हे मोजायचं. कमी जिंकले असतील तर अजून आवळा.

खारघर_इपी

इपीबद्दल एक भर. काही जण एलोत टचांचा फरक घालतात, म्हणजे १५-६ ने जिंकलं तर जास्त गुण, १५-१३ ने जिंकलं तर कमी. फॉइलला हे बऱ्यापैकी चालतं. इपीला अजिबात घालू नका. शेवटच्या मिनिटात मागे पडलेल्याला हल्ला करण्यावाचून गत्यंतर नसतं. तो धावत जातो, समोरचा हात लांब करून उभा असतो. ९-८ चा १२-८ होतो, त्या तीन टचांनी ताकदीबद्दल काहीच सांगितलेलं नसतं. उलटंही होतं. १४-११ ने पुढे असलेला सरळ दुहेरी टच घेऊन १५-१२ वर मोकळा होतो. त्याला चौथ्या टचाच्या आघाडीची गरजच नसते.

निष्क्रियतेचे पी-कार्डही लक्षात घ्या. एक मिनिट टच झाला नाही की पिवळं, पुन्हा तसंच झालं की लाल, त्यानंतर काळं. काळ्याच्या वेळी स्कोअर बरोबरीत असेल तर मानांकनात खाली असलेला बाहेर. म्हणजे वरचं मानांकन असलेला बरोबरीत निवांत उभा राहू शकतो, घाई खालच्याने करायची. एलो सारखा असलेल्या दोघांमध्ये इपीला वरच्या मानांकनाच्या बाजूने अगदी थोडं झुकतं माप द्यायला हरकत नाही. दोन-तीन टक्के, त्याहून जास्त नको.

पामबीच_पालक

बरंच कळलं, आभार. दोन अडचणी. एक, पदकाचे टक्के काढायला ६४ जणांचा तक्ता हजारदा फिरवायचा तर रँड (कोणताही आकडा योगायोगाने देणाऱ्या) फंक्शनने शीट लटकते, आमच्या क्लबातला लॅपटॉप तर सुरूच व्हायला पाच मिनिटं घेतो. दोन, अंदाज टक्क्यांत लिहिले तर विजेता कोण ठरवायचं?

कोलशेतकर_आकडे

रँड लागतच नाही. तक्ता जाहीर झाला की उत्तर थेट काढता येतं.

६४ नावं तक्त्याच्या क्रमाने, मानांकनाच्या क्रमाने नव्हे, एकाखाली एक लिहा. शेजारी एलो. दुसऱ्या पानावर ६४ बाय ६४ चा चौकोन करा. आडवीतला खेळाडू उभीतल्याला हरवेल याची शक्यता त्यात सूत्राने भरा. मग पहिल्या पानावर सहा रकाने: ३२ मध्ये पोचणार, १६ मध्ये, ८ मध्ये, ४ मध्ये, अंतिम फेरीत, सुवर्ण.

पहिला रकाना सोपा, शेजारच्या खेळाडूला हरवण्याची शक्यता तिथे येते. पुढच्या प्रत्येक रकान्यात: स्वतः आधीच्या फेरीतून वर येण्याची शक्यता, गुणिले संभाव्य प्रतिस्पर्ध्यांची बेरीज. त्या बेरजेत प्रत्येक प्रतिस्पर्ध्यासाठी (तो तिथवर येण्याची शक्यता गुणिले त्याला हरवण्याची शक्यता) घ्यायचं. समप्रॉडक्ट (SUMPRODUCT, गुणाकारांची बेरीज) फंक्शनने एका ओळीत होतं. संभाव्य प्रतिस्पर्धी म्हणजे तक्त्यातला शेजारचा गट: दुसऱ्या फेरीला दोघं, तिसऱ्याला चार, मग ८, १६, ३२.

गट चुकीचा पकडला जातो आणि शीट तरीही निमूटपणे आकडे दाखवत राहते, म्हणून पडताळा ठेवा. सहा रकान्यांच्या बेरजा अनुक्रमे ३२, १६, ८, ४, २, १ यायला हव्यात. एखादी ३१.४ आली तर कुठेतरी गट एक ओळ घसरलाय.

जागतिक अजिंक्यपद आणि एशियाडला उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्य, त्यामुळे ‘४ मध्ये पोचणार’ हाच पदकाचा रकाना. ऑलिंपिकला कांस्याची वेगळी बाउट असते, तिथे एक रकाना वाढवावा लागेल.

हे सगळं ६४ चा तक्ता लागल्यावरच. जागतिक स्पर्धेत पहिले १६ पूल न खेळता थेट तक्त्यात येतात, बाकीचे पूल आणि प्राथमिक बाद फेरीतून. तेव्हा अंदाजपत्रिका अंतिम दिवसाच्या आदल्या रात्री बंद करा. तक्ता न बघता लावलेल्या अंदाजात एकाच बाजूला पडलेली दोन तगडी नावं दोन्ही पदकाला टाकली जातात, आणि त्यांची गाठ उपांत्यपूर्व फेरीतच पडलेली असते.

आता विजेता. प्रत्येकाने दर प्रकारात सहा नावं आणि प्रत्येकापुढे पदकाचे टक्के लिहायचे, बेरीज ४०० च्या वर नको, कारण पदकं चारच. दंड असा: लिहिलेली शक्यता वजा निकाल, त्याचा वर्ग. ३५ टक्के दिलेल्याला पदक मिळालं तर ०.६५ चा वर्ग ०.४२, नाही मिळालं तर ०.३५ चा वर्ग ०.१२. तुमच्या यादीत नसलेल्याने पदक घेतलं तर सरळ १. सगळ्यांत कमी दंड तो जिंकला. यात फुशारकी महागात पडते. खरी शक्यता ३५ असताना कोणी १०० लिहिलं तर सरासरी दंड ०.६५, शून्य लिहिलं तर ०.३५, प्रामाणिकपणे ३५ लिहिलं तर ०.२३. लहान मुलांना वर्ग काढत बसायला लावू नका, दहा-दहाच्या टप्प्यांचा छापील तक्ता द्या.

‘अनपेक्षित नावाला बोनस’ असला प्रकार मात्र टाळा. तो ठेवला की सगळे जण ५० व्या क्रमांकाच्या पुढची नावं भरतात, मग तो खेळ लॉटरीचा होतो. आणि प्रवेश फी, पैजा, ‘विजेत्याला जमलेली रक्कम’ यातलं काहीही नको. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर पैशाचा खेळ ऑनलाइन चालवणं सरळ गुन्ह्यात जातं, आणि ऑफलाइन जुगाराचा कायदा तर आपल्याकडे १८८७ पासून आहे. बक्षीस म्हणून मास्कची पिशवी किंवा नवी बॉडी वायर द्या.

पिस्ट_चौदामीटर

सांघिकाला वेगळी पत्रिका ठेवा. वैयक्तिक एलोची सरासरी घेतली की काम भागत नाही. सामन्यात नऊ रिले (छोट्या लढती) असतात, तिघं प्रत्येकी तीनदा उतरतात, रिले ५, १०, १५ अशा टप्प्यांनी ४५ पर्यंत जाते. म्हणजे १० मिळवायचे असताना संघ ५ वर अडकला असेल तर पुढचा खेळाडू एका रिलेत १० सुद्धा काढू शकतो. शेवटची रिले खेळणारा भक्कम असलेल्या संघाला मागून येण्याची सोय असते, म्हणून त्याचं वजन थोडं जास्त धरा. तरीही ४५ टचांमुळे सांघिक निकाल वैयक्तिकपेक्षा सरळ लागतात. पुरुष सेबरचं सांघिक सुवर्ण २०१२, टोक्यो, पॅरिस तिन्ही वेळा कोरियाकडे गेलं. रिओत तो प्रकारच नव्हता.

देशागणिक मर्यादाही बघा. जागतिक स्पर्धेत वैयक्तिकला एका देशाचे चार, ऑलिंपिकला जास्तीत जास्त तीन, एशियाडला दोन. जपान-कोरियाचा तिसरा-चौथा खेळाडू एशियाडच्या वैयक्तिकात दिसणारच नाही. भारताच्या शक्यता मोजताना क्रमवारीतली ती नावं आधी खोडा. बरेच जण हे विसरतात आणि आपल्या मुलींना उगाच कमी टक्के देतात.

खारघर_इपी

डेटा भरताना नावांची काळजी घ्या, सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. टोक्योची मानॉं ब्रुने पॅरिसला आपिती-ब्रुने आहे, आना मारिया ब्रान्झाची पोपेस्कू झालेली आहे. नावावरून जुळवलंत तर शीट तिला १५०० वर नवखी म्हणून उभी करते. आना बाश्तासारखी देश बदललेली नावंही तशीच. एफआयईच्या प्रोफाइलच्या पत्त्यातला क्रमांक वापरा, तो बदलत नाही. दुखापतीने अर्धवट सोडलेल्या बाउट आणि माघार निकालातून काढून टाका.

रशिया-बेलारुसच्या खेळाडूंकडे वेगळं बघा. मार्च २०२२ नंतर ते बाहेर होते, २०२३ पासून तटस्थ म्हणून हळूहळू परतले, पॅरिसच्या तलवारबाजीत एकही नव्हता. त्यांचे क्रमवारीतले गुण तुटपुंजे, त्यामुळे मानांकन खालचं, आणि मग पहिल्याच फेरीत वरच्या सीडवर येऊन आदळतात. २०२२ आधीचा त्यांचा एलो तसाच धरू नका, १५०० कडे अर्धा सरकवा. मग परतल्यानंतरच्या बाउट त्याला जागेवर आणतील. त्यासाठी २० बाउट तरी हव्यात, तोवर त्या नावाला शीट जे देईल त्याबद्दल साशंक राहा. त्यांच्याच शेजारी आलेल्या वरच्या सीडचे टक्के मात्र लगेच कमी करा.

ज्युनियरमधून नुकत्याच आलेल्यांना १५०० नको. ज्युनियर विश्वचषकात पदकं घेतली असतील तर १६०० च्या आसपास सुरुवात द्या आणि पहिल्या २० बाउटींना २४ ऐवजी ४० वापरा, म्हणजे आकडा लवकर जागेवर येतो.

पामबीच_पालक

समप्रॉडक्टवाला तक्ता बसला, बेरजा ३२, १६, ८, ४, २, १ बरोबर आल्या. गेल्या हंगामावर ताडायला घेतलंय. महिला सेबरला ७० टक्केवाल्यांतले ६६ टक्के जिंकले, इपीला ६१. म्हणजे इपीला ०.८ पेक्षाही खाली जायचं का?

कोलशेतकर_आकडे

किती बाउटींवर ताडलंत त्यावर आहे. ७० टक्केवाल्या गटात १०० बाउट असतील तर साडेचार टक्के इकडे-तिकडे नुसत्या योगायोगानेच होतात. ६६ ला हात लावू नका. ६१ चा फरक मोठा आहे, पण ६० ते ८० मधल्या सगळ्या बाउट एकत्र करून बघा. तिथेही तसंच दिसलं तर ०.७ करा. प्रत्येक टप्प्याला वेगळा आकडा देत बसू नका, गेल्या हंगामाला घट्ट बसवलेली शीट पुढच्या हंगामात हमखास दगा देते.